पळसाला पाने तीन, खेळ मात्र कितीतरी!

काशीयात्रा म्हणजे आजी-आजोबांच्या पुण्यासाठी नातवंडांची फरफट, असे पुष्कळांना वाटते. पण वसंतातला दशाश्वमेध घाट चिमुकल्या हातांना आणि जिभेलाही खूप काही देऊन जातो. शिवाय त्यातले बरेचसे आपल्या घरच्या गॅलरीतही करता येते!

दिवेलागणीची वेळ. दशाश्वमेध घाटावर पाय ठेवायला जागा नाही. शंख वाजतो, घंटा घणघणतात, ओळीने उभे असलेले पुजारी एका तालात मोठमोठ्या दीपमाळा ओवाळू लागतात आणि पायऱ्यांवरची शेकडो माणसे एकदम उठून उभी राहतात. पुण्या-नाशिकाकडून आलेल्या एखाद्या कुटुंबातला चार वर्षांचा मुलगा अशा वेळी बाबांच्या खांद्यावर बसलेला असतो. त्याला दिसते काय? तर पुढच्यांनी उंच धरलेले मोबाइल. धूप-कापराच्या धुराने डोळे चुरचुरतात, घंटांच्या आवाजाने कान किटतात आणि पाचव्या मिनिटाला तो भोकाड पसरतो. आजीचे लक्ष आरतीवरून उडते, आई-बाबांची आपापसांत धुसफूस सुरू होते. शेवटी त्याच्या हातात मोबाइल दिला जातो आणि तो गप्प होतो. काशीला जाऊन त्या बाळाने काय पाहिले, तर कार्टून!

हाच मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याच पायऱ्यांवर पाहावा. आजी स्नान आटोपून केस पुसते आहे, आजोबा संकल्प सोडत आहेत. पठ्ठ्याच्या हातात चहाचा रिकामा कुल्हड आहे. बनारसी लोक त्याला ‘पुरवा’ म्हणतात. आई बाटलीतले पाणी त्यात ओतते. कोरी भाजलेली माती सूं करून पाणी पिते आणि पहिल्या पावसासारखा वास सुटतो. मुलगा नाक कुल्हडात घालतो, हसतो, पाणी ओतून टाकतो आणि म्हणतो, ‘‘परत!’’ पुढचा अर्धा तास त्याला दुसरे काही लागत नाही.

घाट तोच, मूलही तेच. फरक इतकाच, की सकाळी त्याच्या हाताला काहीतरी लागले. तीन ते सात वर्षांची मुले डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त पाहतात, हे घरोघरच्या आयांना कुणी सांगायला नको. आरती पाहायचीच असेल तर ती नावेतून, थोड्या अंतरावरून दाखवावी किंवा सरळ आजी-आजोबांना पाठवून बाळाला मुक्कामी झोपवावे. या वयासाठी दशाश्वमेध म्हणजे सकाळच.

पेशव्यांचा घाट

हा घाट मराठी माणसाला परका नाही. अठराव्या शतकात पेशव्यांनी तो पक्का बांधून काढला, पुढे १७७४ च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी त्याचे काम पुन्हा करवले. शेजारीच त्यांच्या नावाचा अहिल्याबाई घाट आहे. उत्तरेकडे चालत गेले की ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात पिढ्यान्‌पिढ्या काशीकर झालेली मराठी घरे आहेत. तिथल्या मुलांचा वसंत दुहेरी असतो. होळीला घरात पुरणपोळी आणि दारात गुझिया, म्हणजे आपली करंजीच. आजीशी मराठी, गल्लीत भोजपुरी ढंगाची बनारसी!

आणि या दुहेरी वसंतात एक झाड मात्र सामाईक आहे, पळस. हिंदीत पलाश, रंगाच्या बाजारात टेसू. विदर्भातून काशीला जाणारी गाडी सातपुड्याच्या रानातून जाते तेव्हा फाल्गुनात खिडकीबाहेर तो पेटलेला दिसतो. ‘कुठेही जा, पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण सहसा नाक मुरडून वापरतो. पण लहान मुलाचा हात धरून दशाश्वमेधावर उतरले की हा तीन पानांचा पळस एकदा पानांत भेटतो, एकदा खेळण्यात, एकदा रंगात. दर वेळी त्याचे रूप निराळे!

दिवा वाहून नेणारे पान

पायऱ्या उतरता उतरता फुलवाल्या मुली टोपली पुढे करतात. द्रोणात झेंडूच्या पाकळ्या, एखादे गुलाबाचे फूल आणि मधोमध इवलासा दिवा. चांगला द्रोण पानाचा असतो, काडीने टोचलेला. अलीकडे मात्र चकचकीत कागदी द्रोणांचे ढीगच्या ढीग दिसतात. ते स्वस्त पडतात, सुबकही दिसतात, पण पाण्यात लवकर कुजत नाहीत आणि सकाळी घाटाच्या कडेला त्यांचाच थर तरंगत असतो. निवडायची संधी असेल तर पानाचाच द्रोण घ्यावा आणि मुलाच्या हातात द्यावा. पानाच्या शिरा, काडीचे टोक, पाकळ्यांचा ओलसर गारवा हे सारे त्याला चाचपू द्यावे. दिवा मात्र मोठ्यांनी लावावा आणि पाण्यात सोडताना मुलाचा दंड घट्ट धरावा. इथल्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि पाणी एकदम खोल होते.

घरी द्रोण करणे अगदी सोपे आहे. पळस फुलतो तेव्हा झाडावर पाने जवळजवळ नसतात, म्हणून पत्रावळीवाले आधी सुकवून ठेवलेली पाने वापरतात. बाजारात ती मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर वडाचे किंवा फणसाचे मोठे पान चालते. सुके पान दहा मिनिटे पाण्यात भिजवले की मऊ होते, दुमडताना तडकत नाही. पानाच्या एका बाजूला मध्यापर्यंत चीर द्यायची, दोन्ही कडा एकमेकींवर सरकवायच्या की वाटीचा आकार येतो. मग कडुनिंबाची बारीक काडी टोचून टाकायची. चार वर्षांच्या मुलाला टोचणे जमत नाही, पण कडा सरकवून धरणे नक्की जमते, आणि आपण धरल्यामुळेच द्रोण झाला याचा त्याला कोण अभिमान! परातीत पाणी घेऊन त्यात हे द्रोण सोडावेत. एकात एक शेंगदाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात मूठभर. कुठला आधी बुडतो? ताई-दादांची पैज लागते आणि दुपार निघून जाते.

बोर, पाटी आणि पिवळा फ्रॉक

घाटामागच्या गल्ल्यांतून थोडे आत गेले की बंगाली टोला लागतो. नावाप्रमाणेच ही बंगाली वस्ती. माघातल्या वसंत पंचमीला इथली बच्चेकंपनी पिवळे कपडे घालून सरस्वतीच्या मातीच्या मूर्तीपुढे बसते. पुस्तके देवीपुढे ठेवलेली असल्याने त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी! त्याच दिवशी लहानग्यांचे ‘हातेखडी’ होते. मोठ्या माणसाने हात धरायचा आणि बाळाने पाटीवर आयुष्यातले पहिले अक्षर काढायचे. आपल्याकडे पाटीपूजन दसऱ्याला, त्यांचे वसंतात. आणखी एक गंमत म्हणजे सरस्वतीपूजा होईपर्यंत बंगाली घरांत बोरे खायची नाहीत असा रिवाज आहे. पंधरा दिवस बाजारात आंबटगोड बोरांचे ढीग दिसायचे आणि तोंडात एकही टाकायचे नाही! त्या संयमानंतर मिळालेल्या पहिल्या बोराची चव काय असेल, ते मुलांनाच विचारावे.

ज्यांच्या घरी यंदा बालवाडीत जाणारे पिल्लू आहे, त्यांनी ही कल्पना जरूर उचलावी. ताटात बोटभर जाड रवा पसरायचा आणि त्यात बोटाने ‘ग’ गिरवायचा. चुकले तर ताट हलवले की पाटी कोरी. रव्याऐवजी एके दिवशी तांदळाचे पीठ घ्यावे, एके दिवशी मसूर. पीठ बोटाला चिकटते, मसूर घरंगळते, रवा कचकचतो. अक्षर तेच, पण प्रत्येक वेळी नवे वाटते. बोराची बी मात्र पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नये, त्याला गर काढूनच द्यावा.

ही बोर पुढच्या गोष्टीतही येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

लाखेचा भोवरा

विश्वनाथ गल्लीत शिरले की दोन्ही बाजूंना लाकडी खेळणी मांडलेली दिसतात. सिंदुराच्या डब्या, एकात एक बसणाऱ्या बाहुल्या, पोपट, खुळखुळे, भोवरे, चाकांचे हत्ती आणि मुलींचा (हल्ली मुलांचाही!) जीव की प्राण असलेली भातुकली. पोळपाट, लाटणे, जाते, खलबत्ता असे सगळे बोटभर उंचीचे. लाल, पिवळ्या, हिरव्या रंगाची ती झळाळी सावंतवाडीची आठवण करून देते.

ही खेळणी बनतात घाटापासून फार लांब नसलेल्या खोजवां आणि काश्मिरीगंज या मोहल्ल्यांत. रिक्षाने सहज जाता येते. घराच्या पुढच्याच खोलीत खराद, म्हणजे आपला लेथ, गरगरत असतो. कारागीर लाकडाचा ठोकळा त्यावर चढवतो, पटाशी लावतो आणि पाहता पाहता ठोकळ्याचा भोवरा होतो. खरी जादू त्यानंतरची. रंग कालवलेल्या लाखेची कांडी तो फिरत्या लाकडाला टेकवतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर रंगाचा पट्टा चढत जातो. ना ब्रश, ना डबा, ना वाळण्याची वाट पाहणे. भोवरा खाली उतरवला की लगेच हातात घेता येतो, आणि तो कोमट असतो! तो कोमट भोवरा तळहातावर घेतलेल्या मुलाचा चेहरा एकदा पाहावा. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून निघणाऱ्या खेळण्याला ही ऊब नसते.

आणि ही लाख येते कुठून? तर एका इवल्याशा किड्यापासून. हा किडा झाडाच्या कोवळ्या फांदीवर बसून रस शोषतो आणि अंगाभोवती राळेसारखे कवच करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून चपडा लाख होते. आता तो बसतो कुठल्या झाडांवर, तर मुख्यतः पळस, बोर आणि कुसुम! झारखंडात याचे मोठे उत्पादन होते, पण आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडच्या पळसांवरही लाख घेतात. म्हणजे सरस्वतीपूजेला खाल्लेले बोर, गंगेत सोडलेला द्रोण आणि हातातला भोवरा हे सगळे एकाच गणगोतातले निघाले. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगून पाहावी. ‘‘किड्याने रंगवला?’’ असे विचारत ते दिवसभर तो भोवरा हुंगत बसते.

या कारागिरीचे कौतुकही झाले आहे. बनारसच्या लाखकाम केलेल्या लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि याच कलेतले बुजुर्ग गोदावरी सिंह यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. पण खरादापाशी थोडा वेळ उभे राहिले की दुसरी बाजूही दिसते. ही खेळणी पूर्वी ‘कोरैया’च्या लाकडाची होत. कोरैया म्हणजे आपल्याकडचा कुडा. पांढरे, मऊसर, लाख छान धरणारे लाकूड. जंगलातून ते मिळणे अवघड होत गेले आणि त्याची जागा बरीचशी निलगिरीने घेतली. मधल्या काळात स्वस्त चिनी प्लॅस्टिकचा लोंढा आला. सरकारने खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० मध्ये वीसवरून साठ टक्के आणि २०२३ मध्ये सत्तर टक्के केले, त्याने थोडा श्वास घ्यायला वाव मिळाला. तरीही एक भोवरा कातायला, रंगवायला, घासायला लागणारा वेळ आणि गिऱ्हाईक त्याला देऊ करते ती किंमत यांचा मेळ बसत नाही. चारशे रुपयांचा रिमोटचा पंखा फिरणारा हेलिकॉप्टर पहिल्याच दिवशी मोडला तरी कुणी हळहळत नाही, आणि इथे वीस रुपयांसाठी घासाघीस! खरादावर मुलगा बसेल की नाही, हे या वीस रुपयांवरही ठरते.

घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांच्या अधिकृत उत्पादकांना त्यातून सूट दिली गेली. त्यामुळे अशा खेळण्यावर चिन्ह नसले तरी ते बेकायदा नसते, पण पारखण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ओल्या पांढऱ्या रुमालाने खेळणे जोराने घासावे. रंग उतरला तर ते परत ठेवावे. लाखेत कोणता रंग कालवला आहे, हे विचारायला संकोच करू नये. सतत तोंडात घालणाऱ्या बाळासाठी बिनरंगाचा, नुसता गुळगुळीत घासलेला खुळखुळा मिळाला तर सर्वांत बरा. भातुकलीचे बारीक तुकडे तीन वर्षांनंतर. आणि एक सूचना, जी दुकानदारही सहसा देत नाहीत: लाखेची खेळणी सॅनिटायझरने पुसू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, झळाळी जाऊन खेळणे चिकट होते. ओलसर फडके पुरेसे आहे.

सावलीचे खडे

आता येणाऱ्या खेळाचा पळसाशी काही संबंध नाही, पण तो घाटाला इतका लागून आहे की सोडवत नाही. दशाश्वमेधाच्या शेजारीच मानमंदिर घाट. तिथल्या राजवाड्याच्या गच्चीवर जयपूरच्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात वेधशाळा उभारली. सम्राट यंत्र, चक्र यंत्र, दिगंश यंत्र अशी दगड-चुन्याची मोठाली यंत्रे आहेत. लहान मुलांना ती घसरगुंडी वाटते, यात त्यांचा दोष नाही.

पण २० किंवा २१ मार्चच्या सुमारास, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तेव्हा, एक साधा खेळ करता येतो. कुल्हडात ओली माती भरून त्यात फूटभर काठी सरळ उभी खोचायची. माती वर काठी जेवढी दिसेल तेवढी मोजून फूटभर ठेवायची. कुल्हड उन्हात, सपाट फरशीवर. दर तासाला सावलीच्या टोकाशी मुलाने एक खडा ठेवायचा. इतर दिवशी खड्यांची ओळ वाकडी जाते, पण या दिवसांत ती जवळजवळ सरळ रेषेत येते! काशीत भर दुपारी ही सावली साडेपाच इंचांहून थोडी जास्त पडते, नागपुरात साडेचार इंचांच्या आसपास, मुंबईत जेमतेम चार. काशीला राहिलेल्या मावशीला फोन लावून दोन्हीकडच्या सावल्या ताडून पाहण्यात मोठ्या भावंडांना मजा येते. आणखी एक गंमत. आपली घड्याळे ज्या रेखावृत्तावरून लावलेली आहेत ते काशीजवळून, मिर्झापूरकडून जाते. म्हणून काशीत सर्वांत आखूड सावली बारा वाजल्यानंतर पाच-सात मिनिटांत पडते, तर मुंबईकर चिमुरड्याला त्यासाठी पाऊण वाजेपर्यंत थांबावे लागते. तोवर वरण-भात आटोपून घ्यावा!

टेसूचे पाणी

फाल्गुन शुद्ध एकादशीला काशीत रंगभरी एकादशी असते. विश्वनाथ गौरीला घरी घेऊन येतात, अशी कल्पना. त्या दिवशी गुलाल उधळतात आणि काशीची होळी सुरू होते. होळीची जागा तर वसंत पंचमीलाच एरंडाची फांदी रोवून ठरलेली असते. आपल्या गावाकडेही होळीच्या मधोमध एरंडच, नाही का? धुळवडीच्या सकाळी मात्र लहान मुलांना घाटावर किंवा मुख्य रस्त्यावर अजिबात नेऊ नये. तो दांडगाईचा खेळ आहे, आणि त्यात काय काय मिसळलेले असते याचा नेम नाही. स्वस्त रंगांच्या तपासण्यांत शिसे, मोरचूद यांसारखे घातक पदार्थ वेळोवेळी आढळले आहेत. मुलांची कातडी पातळ, शिवाय ती रंगाची बोटे तोंडात घालतात.

म्हणून पळसाची तिसरी भेट घरातच घडवावी. सुकी टेसूची फुले काशीत काय किंवा आपल्याकडच्या जडीबुटीवाल्याकडे काय, या दिवसांत मिळतात. दोन मुठी फुले दोन लिटर कडकडीत पाण्यात रात्रभर झाकून ठेवायची. सकाळी दहा-पंधरा मिनिटे उकळून गाळले की पिवळा-केशरी रंग तयार. जुने लोक रंग गडद करायला त्यात चुना टाकत, पण मुलांसाठी तो नकोच. कातडी भाजते, डोळ्यांना धोका होतो. फुले भिजवण्याचे काम मुलांकडे द्यावे. ओल्या पाकळ्या मखमलीसारख्या लागतात आणि पोपटाच्या चोचीसारखा त्यांचा बाक बोटाला जाणवतो.

कोरडा गुलाल करायचा तर आरारूट किंवा तांदळाचे पीठ घ्यावे, त्यात हे टेसूचे पाणी चमचा-चमचा घालत कालवावे आणि सावलीत पसरून वाळवावे. वाळल्यावर ढेकळे होतात. ती तळहातांमध्ये चोळून फोडायचे काम बच्चेकंपनीचे! गुलाबी हवा असेल तर बिटाचा रस, गर्द पिवळा हवा तर थोडी हळद. शेवटी चाळून घ्यावे. खेळण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून अर्धा तास वाट पाहावी. हा रंग अंगावर फिकाच दिसतो, ‘‘आई, लागतच नाही गं!’’ अशी तक्रार येणार. कपड्यांवर मात्र पिवळे डाग राहतात, तेव्हा जुना बनियन बरा. कोरडा रंग तोंडावर उडवायचा नाही, एवढा एकच नियम ठेवावा आणि तो पाळायला लावावा.

ठंडाई, पण घरची

काशीत खाण्याची चंगळ आहे, पण मुलांसोबत थोडी सावधगिरी हवी. थंडी सरता सरता, फेब्रुवारीपर्यंत, पहाटे ‘मलइयो’ मिळते. आटवलेले दूध रात्री उघड्यावर दवात ठेवून सकाळी घुसळतात आणि वर येणारा केशरी फेस कुल्हडात भरून देतात. तोंडात टाकली की नाहीशी! मुले चमचा चाटून विचारतात, ‘‘गेली कुठे?’’ शेवटी त्याच कुल्हडात केशरी दूध ओततात. दव संपले की मलइयो संपली, मग थेट पुढच्या थंडीत.

फाल्गुनात हातगाडीवर ‘होरहा’ दिसतो. हरभऱ्याचे हिरवे घाटे डहाळ्यांसकट भाजलेले. आपल्याकडे यालाच हुळा म्हणतात. शहरातल्या मुलांनी तो पाहिलेलाही नसतो. ओल्या हरभऱ्याची जुडी आणून गॅसवर, जाळीवर धरली तरी जमते. काळे झालेले घाटे थंड झाल्यावर मुलांना सोलू द्यावेत. बोटे काळी होतात, नाक काळे होते, आणि आत निघतो हिरवागार, गोडसर दाणा. लहानांना तो चुरून द्यावा.

ठंडाईबद्दल मात्र एकच सांगणे: गोदौलियाच्या आसपास ठंडाईची नामी दुकाने आहेत, पण तिथे भांगेची ठंडाईही मिळते. मुलासाठी घेताना बिनभांगेचीच, हे दोनदा विचारून घ्यावे, आणि शंका वाटली तर घेऊच नये. घरची ठंडाई काही अवघड नाही. अर्धा लिटर दूध उकळून गार करावे. दहा-बारा बदाम, दोन चमचे मगज बी आणि एक चमचा बडीशेप रात्रभर भिजत घालावी. सकाळी बदाम सोलायचे काम मुलांकडे. भिजलेला बदाम चिमटीत दाबला की सालीतून टुणकन उडतो. निम्मे बदाम सोफ्याखाली जातात, ते धरूनच मोजावेत! सगळे बारीक वाटून, दोन वेलदोडे, सुक्या गुलाबपाकळ्या आणि चवीपुरती साखर घालून दुधात कालवावे आणि फडक्यातून गाळावे. मोठ्यांच्या पेल्यात मिरपूड चालेल, छोट्यांच्या नको. पाच वर्षांखालच्या मुलाने अख्खा बदाम तोंडात टाकू नये, म्हणून सोलताना जवळ बसावे. सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी नुसते बडीशेप-वेलदोड्याचे दूध करावे.

मखाण्याची गाठी

पाडवा येतो तोवर काशीत ऊन चांगलेच तापलेले असते. गुढीला साखरेची गाठी हवी, पण लहान मुलाला ती करता येत नाही, फक्त खाता येते. मग त्याच्यासाठी छोटी गुढी उभारावी. हातभर काठी, तिच्या टोकाला आईच्या जुन्या बनारसीचा काठ, त्यावर चहाचा कुल्हड उपडा, कडुनिंबाची डहाळी, आणि गाठीच्या जागी मखाण्याची माळ. बिहारचे पांढरेशुभ्र मखाणे काशीच्या बाजारात पोत्यांनी असतात, आता आपल्याकडेही मिळतात. हलके, खरबरीत आणि इतके मऊ, की बोथट टोकाची जाड सुई आरपार जाते. पाच वर्षांचे मूल दहा-बारा मखाणे सहज ओवते. दोन ओवायचे, एक तोंडात टाकायचा असा हिशेब चालतो, त्यामुळे वाटी भरून जास्तच घ्यावेत.

काशीहून आणलेला लाखेचा भोवरा तोवर घरच्या फरशीवर फिरायला लागलेला असतो. त्याला दोरी गुंडाळणे बाबांनाही धड जमत नाही. आजोबा खुर्चीतून उठतात, दोरीचे टोक बोटाला अडकवतात आणि म्हणतात, ‘‘आण इकडे, दाखवतो.’’